वडिलांचं नाव सांगा

मागच्या महिन्यात रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी सगळे विचारत होते, मॅडम कुठल्या कुठल्या नेत्यांच्या मुलाखती घेतल्यात, आणि मला आठवत होती ती 2005 ची 26 जुलै.

ठाण्यातलं आमचं लोकल केबल चॅनेल. मी लागले तेव्हा बुलेटिन रेकॉर्ड करून व्हीएचएसच्या कॅसेटी काढायच्या, पोरं त्या स्कूटरवरनं कोपरी, कळवा, वागळे इस्टेटच्या कंट्रोल रूमला पोचवायची, तिथला माणूस व्हीसीआरमध्ये कॅसेट घालेल तेव्हा आम्ही घरोघरी दिसणार. 2005 पर्यंत नौपाड्यातली कंट्रोल रूम आमच्याच बिल्डिंगमध्ये आली होती, म्हणून त्या दिवशी जे जमलं ते जमलं.

मंगळवार होता. दुपारी दोननंतर जो पाऊस धरला तो थांबेचना. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला हे नंतर कळलं, आम्हाला तेव्हा एवढंच दिसत होतं की वंदनाच्या डेपोपाशी कमरेएवढं पाणी आहे आणि लोकल बंद आहेत. मोबाईल लागत नव्हते. पण ऑफिसचा लँडलाईन चालू होता आणि आमचा नंबर तर रोज स्क्रीनखाली फिरायचा, त्यामुळे संध्याकाळी फोन सुरू झाले ते थांबलेच नाहीत. कुणाचा नवरा कुर्ल्याला अडकलाय, कुणाची सून व्हीटीहून निघालीय, पोचली का, काही कळलं का.

स्क्रीनखालची पट्टी, म्हणजे स्क्रोल, टाईप करणारा मुलगा स्वतःच कुठेतरी अडकलेला, मला ते मराठी टायपिंग येत नव्हतं. मग कॅमेरामन म्हणाला, ताई, कॅमेऱ्याची वायर सरळ मॉड्युलेटरला, म्हणजे केबलवर चित्र सोडणाऱ्या मशीनला लावतो, तुम्ही बसा आणि वाचा. जनरेटरवर एक कॅमेरा, एक ट्यूबलाईट आणि मी. नावं स्केचपेननं कागदावर लिहायची, कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा, मोठ्यानं वाचायचं.

आठच्या सुमाराला कळव्याच्या एका शाळेतनं बाईंचा फोन आला, 37 मुलं वरच्या मजल्यावर आहेत, बिस्किटं दिलीत, सगळी ठीक आहेत. एकजण म्हणाला, मॅडम फक्त आकडा सांगा. मी नाही ऐकलं. 37 म्हटल्यावर कुठल्या आईला कळणार आपलं पोर त्यात आहे म्हणून! बाईंना एकेक नाव सांगायला लावलं, इयत्तेसकट लिहून घेतलं, चारदा वाचलं.

आणि तिथेच माझी चूक झाली. घाईत मी नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं होतं. पाचवीतल्या एका मुलीचं नाव वाचलं आणि दोन घरांतनं फोन आले, दोन्ही आया रडत रडत थँक्यू म्हणत होत्या. वर्ग एकच, नाव एकच, आडनाव एकच. शाळेत त्यातली एकच होती. बाईंना परत फोन लावून वडिलांचं नाव विचारलं आणि मग दुसऱ्या आईला फोन करून सांगावं लागलं की तुमची नव्हे. तो फोन मी आयुष्यात विसरणार नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसता रिसिव्हर ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर पहाटेपर्यंत प्रत्येक फोनला माझा पहिला प्रश्न तोच, वडिलांचं नाव सांगा. पुढे नोकरीत आलेल्या प्रत्येक पोराला मी हेच शिकवलं.

माझे मिस्टर सायनहून रुळांवरनं चालत दुसऱ्या दिवशी दुपारी आले. त्यांचं नाव वाचायची वेळ माझ्यावर आली नाही.

ती दुसरी मुलगी विटाव्याला मैत्रिणीच्या घरी होती, सकाळी अकराला घरी पोचली. तिचे वडील संध्याकाळी ऑफिसात आले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. मला वाटलं भांडायला आले. ते म्हणाले, बाई, एकदा तिचं नाव वाचाल का, पूर्ण, माझ्या नावासकट? गावाकडनं आलेली आमची आई रात्रभर टीव्हीपुढे बसलीय, पोरगी समोर उभी आहे तरी म्हणते, त्या बाईंनी अजून सांगितलं नाही.

वाचलं. दोनदा वाचलं.