शीर्षक नसलेला सरावसंच

ठाणे, बुधवार, रात्री

सरावसंचावर 'शेकडेवारी' असं शीर्षक छापलं की मुलांचं अर्धं काम आपणच करून टाकतो. रीत कोणती, हे ठरलेलंच असतं. उरते ती आकडेमोड. पेपरात मात्र शीर्षक नसतं.

सातवीच्या आजच्या कागदात तीन गणितांचे आकडे मुद्दाम तेच ठेवलेत. १६० चे २० टक्के किती? १६० रुपयांचा पास २० टक्क्यांनी वाढला, आता कितीला? २० टक्के सूट वजा जाता गोखले रोडवर छत्री १६० ला पडली, छापील किंमत किती? उत्तरं ३२, १९२, २००. तिसऱ्याला हमखास १९२ येतं. समोर १६० दिसतात, म्हणून २० टक्के त्यांचेच काढले जातात. सूट छापील किमतीवर असते, म्हणजे १६० हे ८० टक्के झाले. छत्रीसारखी दहा गणितं ओळीने दिली, तर तिसऱ्यापासून मुलं वाचायचंच सोडतात आणि दहाही बरोबर येतात!

रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासलं, घनफळाची गणितं देऊन. सरावात एकाच प्रकारची गणितं ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर, वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ करून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा अनुक्रमे २० आणि ६३. हे आकडे पालकसभेत आधीच सांगितलेले बरे, कारण सुरुवातीला वहीत लाल खुणा वाढतातच.

कागदात आठ गणितं: तीन आजची, तीन गेल्या आठवड्याची, महिन्यापूर्वीची दोन. पहिली पाच मिनिटं पेन्सिल आकड्यांना लावायची नाही. प्रत्येक गणितापुढे फक्त 'कशाचे टक्के?' किंवा 'कोणती रीत?' एवढंच लिहायचं. ते तपासून मगच सोडवायला बसवायचं. वेळ कमी पडला तर शेवटची दोन सोडवू नयेत, रीत मात्र आठांचीही लिहून घ्यावी.

धडा नवा असेल त्या दिवशी ही सरमिसळ अंगाशी येते. रीतच हातात नसलेलं मूल निवडणार कशातून? तेव्हा एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, लगेच शेवटची पायरी गाळलेलं दुसरं, मग दोन पायऱ्या गाळलेलं तिसरं. फळ्यावरची आकृती आणि तिचं स्पष्टीकरण दूर दूर नकोत. नजर इकडून तिकडे फिरवण्यातच लक्ष खर्ची पडतं.

सोमवारी छत्रीऐवजी दप्तर: २५ टक्के सूट जाऊन ९००. जागा सहावी, व्याजाच्या गणितानंतर.