तुम्ही विचारलंत म्हणून: गाण्याने गणित सुधारतं का?

वर्ग सुटला की एखादी आई किंवा बाबा हमखास थांबतात. "गणित आणि संगीत एकच ना हो? मग गाणं शिकली तर हिचं गणित सुधारेल?" मी "बघू" म्हणून वेळ मारून नेते. आज नीट सांगते: तसा शब्द मी कुणालाही देणार नाही. आणि एकच तर ते मुळीच नाहीत.

खरं तर हे खूळ मीच पसरवलं. पहिल्या तासाला "संगीत म्हणजे ऐकू येणारं गणित" असं ठोकून द्यायचे. तालात ते खपूनही जातं. तीनतालाच्या 16 मात्रा, म्हणजे ठोके. पाच मात्रांचा तुकडा समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून उचलायचा, तीनदा म्हणायचा, मध्ये एकेक मात्रा सोडायची. पंधरा आणि दोन सतरा, आणि सतरावी म्हणजे पुढची सम. असा तीनदा म्हटलेला तुकडा, म्हणजे तिहाई, बरोबर पडली की मुलं ओरडतात. हिशेब त्यांनी बोटांवर कधीच केलेला असतो.

फजिती झाली ती स्वरांपाशी.

फळीवर 60 सेंटिमीटरची तार ताणली होती. बरोबर मध्यावर, 30 वर दाबली की एक सप्तक वरचा सा, म्हणजे कंपनं दुप्पट. 40 सेंटिमीटर मोकळी ठेवली की पंचम, म्हणजे प, कंपनं दीडपट. मुलं खूश, मी त्याहून खूश. त्या भरात म्हणाले, "आता पंचमाचा पंचम, त्याचा पंचम, असं बारा वेळा गेलं की सगळे स्वर फिरून आपण पुन्हा सा वर!" फळ्यावर घड्याळासारखा गोल काढला.

एक दहा वर्षांची मुलगी कॅल्क्युलेटर घेऊन बसली. दीड गुणिले दीड, बारा वेळा. आलं 129.746. मग सात सप्तकांसाठी सात वेळा दुप्पट. आलं 128.

"ताई, सा चुकला."

"अगं, थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

तिने पुन्हा केलं. तेच आलं. बाकीची मुलं दप्तरं भरत होती. तिने वहीत गोल काढला होता आणि शेवटी बारीकशी फट ठेवली होती. मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि ती फट जोडून टाकली.

पंचवीस मुलं, तास संपायला पाच मिनिटं, मी तरी काय करणार होते? पण पाच मिनिटं पुरली असती, हे मला त्याच रात्री कळलं. दीड म्हणजे तीन भागिले दोन. खालचे दोन पलीकडे नेले की एका बाजूला बारा तीन गुणलेले, दुसऱ्या बाजूला एकोणीस दोन. तिनाला तिनाने कितीही गुणा, उत्तर विषमच. दोनाला कितीही दुप्पट करा, समच. 531441 आणि 524288 जवळ येतात, भेटत नाहीत. पंचमाच्या पायऱ्यांनी सा कधीच गाठता येत नाही. सम-विषम तर तिला दुसरीपासून येत होतं! पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, ती फट बारा स्वरांत वाटून टाकलेली असते, म्हणून पेटीचा पंचम दीड नसतो, 1.4983 असतो. गंधार, म्हणजे ग, तर 1.25 ऐवजी जवळजवळ 1.26. तयार कानाला तो तंबोऱ्याशेजारी खुपतो. म्हणजे तडजोड गणिताने करून दिली, पण ती चालवून घ्यायची की नाही हे कान ठरवतो. मग एकच कसे?

(लोहाराच्या हातोड्यांच्या वजनांवरून पायथागोरसला स्वरांचं गणित सापडलं, ही गोष्टही मी सांगायचे. दुप्पट वजन, दुप्पट स्वर वगैरे. तेही खोटं: तारेला वजन टांगून पाहा, एक सप्तक चढायला चौपट लागतं.)

पुढच्या तासाला मी सगळा खुलासा केला. ती "हो ताई" म्हणाली. वही उघडली नाही. वर्ग संपला त्या दिवशी तिची आई आली होती, तिनेही तेच विचारलं. मी "बघू" म्हणाले.

आता फळ्यावर गोल काढताना फट मीच सोडते. परवा एक मुलगा उठला, खडूने ती जोडली आणि जागेवर जाऊन बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.