खंड्याचं गुरगुरणं

आमचा कुत्रा खंड्या माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याला चावला, तेव्हा आधी गुरगुरला नव्हता. पोर चेंडू उचलायला त्याच्या थाळीजवळ वाकलं आणि दात थेट मनगटात. नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली, मग इंजेक्शनं. घरात एकच सूर होता, "लांब कुठंतरी सोडून या त्याला."

तो का गुरगुरला नाही, हे मला माहीत होतं. आठ महिने मीच त्याची ती सवय मोडली होती. हाड धरून गुरगुरला की गुंडाळलेल्या पेपरचा फटका. कधी उताणा पाडून मान दाबून धरायचो, मालक कोण ते कळावं म्हणून. लांडग्यांचा म्होरक्या असंच करतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. ती समजूत एकमेकांना अनोळखी, पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांवरून आलेली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी कुत्र्याच्या वागण्याची तक्रार घेऊन आलेल्या १४० मालकांना विचारलं होतं. २००९ मध्ये ते छापून आलं. मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रं उलटलं होतं, उताणं पाडणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांवर. हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

आमचे वडील म्हणायचे, बांधलं की कुत्रं तिखट होतं. होतंच. साखळीला बांधलेल्याला पळायची वाट नसते, मग दातच उरतात.

साखळी काढली. जेवणासाठी जिन्याखालची जागा दिली, तिथे पोरांनी फिरकायचं नाही. हाड काढून घ्यायचं तर आधी उकडलेल्या चिकनचा तुकडा पुढे टाकायचा, त्याने आपणहून सोडलं की उचलायचं आणि जमेल तेव्हा हाड परतही द्यायचं. मी आता त्याचं अंग बघायला शिकलोय. मान ताठ होते, जीभ नाकावर फिरते, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. गुरगुरणं त्यानंतरचं.

ते परत यायला चार महिने लागले. परवा मी जिन्यापाशी झाडत होतो आणि थाळीवरून बारीक घर्र ऐकू आलं. मी झाडू तिथेच ठेवला, दोन पावलं मागे झालो. पुतण्या दारातून ओरडला, "काका, खंड्या बोलला!"