हलगीच्या मागं लॅपटॉप पळवायला शिकलो त्याची गोष्ट

मी आन माझा मामेभाऊ, दोघं लातूरचे. हळदी, वराती, गणपती, जयंत्या, सगळीकडं लॅपटॉप-कंट्रोलर घेऊन वाजवायचो. मग स्वतःचे ट्रॅक बनवायला लागलो आन तेव्हा खटकायला लागलं, की सॅम्पलमधली, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या तुकड्यातली, हलगी दर वेळी तशीच्या तशी वाजती, पब्लिक पेटलंय का बसलंय तिला काय घेणंदेणं नाही. मामेभाऊ डाफ्ट पंक ह्या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाल्या जोडीचा लई मोठा फॅन. त्या दोघांनी २०१३ च्या अल्बमला सॅम्पल बरेचसे बाजूला ठेवून खरे ड्रमर, बेसवाले बोलावले, नाइल रॉजर्सची गिटार घेतली, २०१४ ला अल्बम ऑफ द इयरचा ग्रॅमी मिळाला, हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी म्हणलं चल बाबा, करून बघू. (त्यांच्या बजेटचं नावच काढू नका.)

ढोलकीवाला आन बेस गिटारवाला पोरगा लगेच भेटले. हलगीला गावाकडचे एक मामा आले. त्यांच्या कानात हेडफोन घालून १२८ बीपीएमची (मिनिटाला १२८ ठोके) क्लिक, म्हणजे ताल धरायची टकटक, लावली, तर त्यांनी जरा ऐकलं आन काढूनच ठेवलं. "लेकरा, मी नाचणाऱ्याच्या पायाकडं बघून वाजवतो. पाय बघू का तुझी टकटक ऐकू?"

ह्याला उत्तरच नव्हतं. मग पूर्ण ट्रॅक तोडून एक-दोन बारचे लूप (फिरून फिरून वाजणारे छोटे तुकडे) केले आन मामेभाऊ हलगीच्या ठोक्यावर टॅप टेम्पोचं बटण (ज्या वेगानं दाबाल त्या वेगानं लॅपटॉप वाजतो) दाबत बसायला लागला. मामा चढले की लॅपटॉप चढणार, मामा थांबले की तोही थांबणार. ऐकायला सोपं वाटतं, पण त्याचं बोट जरा घसरलं की सगळा सिंथ (लॅपटॉपमधले इलेक्ट्रॉनिक सूर) लंगडायचा.

पुढचं लफडं लेटन्सीचं, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून बाहेर पडायला होणाऱ्या उशिराचं. हलगीचा माइक लॅपटॉपमधून फिरवून डिले (मागनं घुमत येणारा आवाज) द्यायलो होतो, बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने धरतो ते) ५१२ वर. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) एका बाजूनंच साधारण १२ मिलिसेकंद जातात, येऊन-जाऊन दुप्पट धरा. मामा म्हणायले, "माझीच हलगी माझ्या मागं पळायलीय." बफर १२८ केला तर जुना लॅपटॉप कडकड करायला लागला, म्हणून जड प्लगइन (आवाजाला इफेक्ट देणारे जोड-सॉफ्टवेअर) उडवले तेव्हा कुठं जमलं. किक (ड्रमचा जाड धम्म ठोका) आन बेस गिटार पण एकमेकांवर बसायचे, किक पातळ करावी लागली, ते मात्र जिवावर आलं कारण आमची सगळी वट त्या किकवरच.

पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, हलगी शेकावी लागती. एका लॉनवाल्यानं स्टेजमागं जाळ करू दिला नाही, मग बाहेर रोडच्या कडंला पालापाचोळा पेटवून शेकली आन पळत आत आलो.

पैशाचं म्हणाल तर दोघांत वाटायचे ते आता पाचात, गाडीचं भाडं वेगळं. वरातीला अजून जुनाच सेट नेतो, लाइव्हचा खर्च त्यातनंच निघायलाय.