नुसतं मोजून काय होतं? तुम्ही विचारलंत म्हणून

मी आरोग्याच्या एका अभ्यासासाठी गावोगाव फिरते, आणि लग्नात, एसटीत, गणपतीत आरती संपली की, एकच प्रश्न. "ना औषध ना गोळी, वर्षानुवर्षं नुसती बाळांची वजनं घेत फिरता, उपयोग काय त्याचा?" आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

औषध देत नाही हे अर्धंच खरं. बीपी वाढलेलं दिसलं, हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं, तर आम्ही काय वही मिटून घरी येतो का? चिठ्ठी देतो, आरोग्य केंद्रात पाठवतो, रिक्षापण बघून देतो. पण मुख्य काम ते नाही, हे कबूल. मुख्य काम म्हणजे ठरवलेल्या गावांतली एकूण एक गरोदर बाई नोंदवायची आणि मग तिच्या बाळाचा माग सोडायचा नाही. दवाखान्यात येतात तेवढ्यांचंच मोजलं तर जे पोचलेच नाहीत ते हिशोबातच नाहीत ना.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या टीमने हेच केलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची निघाली, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची साडेतीन. आपली दिसायला बारीक, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. पुढच्या डायबेटिसचा धागा तिथवर मागे जातो, हे मोजल्यामुळेच कळलं. मी हे सांगते, लोक मान डोलावतात आणि विचारतात, "पण आमच्या बाळाला काय मिळणार?" तिथे माझी बोलती बंद.

त्यात आपलं कोकण. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या महिन्यात बाई नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला, आणि फोन लागत नाही. घरी बाळ सापडलंच तर आजी म्हणणार, वजन नको, दृष्ट लागते.

आता ते सांगते जे लग्नात सांगता येत नाही. गुहागर तालुक्यातली एक वाडी. भर पावसात, चिपळूणला नेताना बाई जीपमध्येच बाळंत झाली, बाळ गेलं. मी काही आठवड्यांनी फॉर्म घेऊन गेले. त्यात विचारावंच लागतं, जन्मल्यावर बाळ रडलं का, श्वास घेतला का, हाललं का? एकाला जरी हो आलं तर जिवंत जन्म आणि २८ दिवसांच्या आतला मृत्यू, सगळ्याला नाही तर मृतजन्म. दोन्हींची कारणं वेगळी शोधावी लागतात, म्हणून विचारायचं.

सासू म्हणाली, "रडला नाय. मेलेलाच व्हता, लिवा."

सून भिंतीला टेकून बसली होती, इतका वेळ गप्प. "कुंई केलान एकदा."

"गाडीचा आवाज व्हता तो."

मी परत विचारलं, नियमच तसा आहे. ती माझ्या पेनाकडे बघत म्हणाली, एकदाच केलान, पण केलान. मी 'हो'वर खूण केली. मग तिने विचारलं, "मग त्याचा दाखला मिळंल?" दवाखान्याने मृतजन्म लिहिला होता, तेच ग्रामपंचायतीत गेलेलं. आमचा कागद तिथे चालत नाही, हे मलाच सांगावं लागलं, आणि सासू म्हणाली, "मग इचारलास कशाला?"

नवीन होते तेव्हा मी सासूला समजावलं असतं, की आजी, पुढच्या बाळांसाठी. तेव्हाच्या माझ्यावर आता राग येतो. पण विचारलंच नसतं तर त्या बाळाचं 'कुंई' कुणीच लिहिलं नसतं, हेही आहेच. कुठलं मोठं, मला ठरवता येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा.

ती सून आता परत गरोदर आहे. मी गेले तर सासूने दार उघडलं नाही. हिने आशाताईंबरोबर निरोप धाडला, अंगणवाडीत या, तिथे घ्या माझं बीपी. घेतलं. जास्त होतं, त्याच दिवशी चिपळूणला पाठवलं.