तुम्ही विचारलंत म्हणून: बेटाला 'आ' की 'आँ'?

फ्रेंच शिकवते म्हटलं की क्लासमध्ये, व्हॉट्सअॅपवर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न येतो. 'क्युबात' म्हणायला 'आ क्युबा' आणि 'कॉर्सिकात' म्हणायला 'आँ कॉर्स', दोन्ही बेटंच ना, मग असं का, एका वाक्यात नियम सांगा. एका वाक्यात नाही सांगता येत हो. इतक्यांदा तोंडी सांगून झालंय की आता लिहूनच टाकते.

देशांचं तुम्हाला माहितीये, साधारण स्त्रीलिंगी नावाला 'आँ' आणि पुल्लिंगीला 'ओ', ते परत सांगत नाही. सगळं अडतं ते बेटांवर.

बहुतेक ठिकाणी शिकवतात ते असं, की मोठं बेट असेल तर 'आँ' आणि लहान असेल तर 'आ'. मीही कितीतरी वर्षं असंच सांगायचे. मग कोणीतरी मादागास्कार काढतंच. जगातलं चौथ्या नंबरचं मोठं बेट, युरोपातल्या फ्रान्सपेक्षाही मोठं, आणि म्हणायचं 'आ मादागास्कार'. कॉर्सिका सगळी मिळून साधारण 8,700 चौरस किलोमीटर, तिला मात्र 'आँ'. तेव्हाची मी म्हणेल की अपवाद असतातच, नवशिक्या पोरांना काहीतरी धरायला द्यावं लागतं. तिचंही खोटं नाही, सिसिली, सार्डिनिया, क्रीट, आइसलँड सगळी त्या नियमात बसतात. पण क्युबा सिसिलीच्या चौपट आहे, त्याचं काय करायचं?

त्यापेक्षा नावाला आर्टिकल, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द, लागतो का ते बघा. क्युबा, माल्टा, सायप्रस, मादागास्कार, तैवान यांना फ्रेंच लोक 'ल' 'ला' काही लावत नाहीत, ही नावं शहरांच्या नावासारखी नुसती येतात, म्हणून शहराला लागतो तोच 'आ'. कॉर्सिका, सिसिली 'ला' घेऊन येतात म्हणून 'आँ'. हे खूप दूरपर्यंत चालतं, आणि मग रेयुनियों येतं, हिंदी महासागरातलं फ्रेंच बेट. त्याला 'ला' आहे, स्त्रीलिंगी आहे, आणि म्हणायचं 'आ ला रेयुनियों'. कॅरिबियनमधल्या मार्टिनिकलाही जुन्या पुस्तकांत 'आ ला' दिसतं, आज 'आँ मार्टिनिक' जास्त ऐकू येतं. याचं कारण लोक असं देतात की ती फ्रान्सचा रीतसर भाग झाली, म्हणून प्रांतासारखं 'आँ'. पण मार्टिनिक, ग्वादलूप, फ्रेंच गयाना आणि रेयुनियों चौघंही 1946 च्या एकाच कायद्याने फ्रान्सचे जिल्हे झाले. मग रेयुनियोंने काय केलं होतं? मला हे कोणी अजून पटेल असं सांगितलेलं नाही.

आता कॅनडा, कारण विचारणारे निम्मे लोक पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, फ्रेंच करतायत, 2023 पासून एक्सप्रेस एन्ट्री या तिथल्या इमिग्रेशनच्या निवडीत फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ निघतात म्हणून. 10 प्रांत आहेत, पाचांना 'आँ', तिघांना 'ओ', आणि उरलेल्या दोघांना 'आ', ते दोन म्हणजे न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड, म्हणजे पीईआय. लॅब्राडोर तर मुख्य भूमीवर आहे, बेटापेक्षा कितीतरी मोठं आहे, एकटं असलं की त्याला 'ओ' लागतो, पण 2001 मध्ये प्रांताच्या नावात ते मागे जोडलं गेलं आणि पुढे न्यूफाउंडलंड असल्यामुळे अख्ख्या नावाला 'आ'च राहिला.

आणि प्रिन्स एडवर्ड आयलंडवरून जे झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

माझ्याकडे एक मुलगी यायची. त्या बेटावरच्या शार्लटटाउनमध्ये कोर्स केला, मग तिथेच एका हॉटेलच्या किचनमध्ये काम केलं, प्रांताकडून नॉमिनेशन, म्हणजे पीआरसाठी शिफारस, मिळेल या आशेवर. 2024 मध्ये प्रांताने नॉमिनेशनची संख्या 25 टक्क्यांनी कमी केली, आरोग्य आणि बांधकामवाल्यांना आधी घ्यायचं ठरवलं, तिच्यासारखी बरीच पोरं तिथे धरणं धरून बसली. हिचं परमिट संपलं आणि ही पुण्याला परत आली. फ्रेंच हा शेवटचा रस्ता म्हणून रोज दोन बसा बदलून क्लासला यायची.

मॉक परीक्षेला संस्थेने बाहेरून एक परीक्षक बोलावले होते. स्वतःबद्दल बोला म्हणाले. ही म्हणाली, "जे व्हेक्यु स्युर लिल," म्हणजे मी बेटावर राहिले. त्यांनी तिथेच थांबवलं, सगळ्यांसमोर, "आ! आ लिल-द्यु-प्रँस-एदुआर! राहून आलात आणि प्रांताचं नाव धड घेता येत नाही?"

ती फ्रेंच सोडून सरळ मराठीत बोलायला लागली. "सर, तिथे सगळे 'ऑन द आयलंड'च म्हणतात. 'इन पीईआय' म्हटलं की लगेच कळतं बाहेरचा आहे. मी पहिल्या महिन्यातच 'ऑन' म्हणायला शिकले होते."

मी मध्ये पडले. म्हटलं, सर, 'स्युर लिल' चूक नाहीये, बेटाच्या जमिनीवर असं म्हणायचं असेल तेव्हा फ्रेंच माणूसही 'स्युर' म्हणतो, प्रांताचं अख्खं नाव घेतलं की मग 'आ'. ते म्हणाले, परीक्षेत प्रांतच विचारतात. तसं बघितलं तर बरोबरच होतं त्यांचं, आणि अजूनही मला त्यांचा राग येतो. नंतर जिन्यात ती मला म्हणाली, "मॅडम, प्रांताने तर ठेवूनच घेतलं नाही. मी बेटावरच राहिले ना?" यावर व्याकरणात उत्तर नव्हतं, मी तिला चहाला घेऊन गेले. महिनाअखेरपर्यंत आली, मग बंद. पुढची फी भरलेली होती. मेसेज केला तर "बघते मॅडम" एवढंच.

तेव्हापासून कोणी 'साधा प्रीपोझिशनचा तर प्रश्न आहे' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आणि 'मराठी बरी, सगळीकडे 'त' लावलं की झालं' असं म्हणू नका प्लीज. कोकणात, विदर्भात, खानदेशात म्हणता, मग देशावर आणि घाटावर का म्हणता? 'देशात' म्हटलं तर अख्खा भारत झाला. कोकणातून घाट चढून जावं लागतं म्हणून 'वर', हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नाही, ते शब्दासोबतच आलं. मुंबई सात बेटांची, पण मी मुंबईवर राहतो असं कोणी म्हणत नाही. फ्रेंच पोरालाही 'आ क्युबा' असंच सबंध मिळतं, तुम्हालाही नाव आणि प्रीपोझिशन एकत्रच पाठ करावं लागणार, मला दुसरा रस्ता दिसत नाही.

परीक्षेची भीती असेल तर ऐका, एका 'आ'वर तोंडी परीक्षेत कोणी नापास होत नाही, तुम्ही मुद्दा कसा मांडता, न अडखळता किती बोलता हे सगळं मिळून बघतात. 'आ' आणि 'आँ' मधला नाकातला फरक मात्र आत्तापासून घोटा, कारण तो नीट आला नाही तर तुम्ही दोनपैकी काय म्हणालात हेच समोरच्याला कळत नाही.

नवीन बॅच सुरू होतेय. पहिल्या आठवड्यात लहान-मोठ्याचा नियम सांगावा की सरळ आर्टिकलपासून सुरुवात करावी, हे माझं अजून ठरत नाहीये. दोन्हीकडून कोणीतरी रेयुनियोंवर येऊन विचारणारच.