जुनी इमेज, नवं मशीन आणि तीन रात्री

माझ्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला तेव्हा मी अगदी निवांत होते. तीनच आठवड्यांपूर्वी घेतलेली पूर्ण सिस्टम इमेज, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या डिस्कची नक्कल, बाहेरच्या हार्ड डिस्कवर पडून होती. नवीन मशीन आणायचं, इमेज त्यावर ओतायची आणि तासाभरात कामाला लागायचं, असा साधा हिशेब. त्या तासाच्या तीन रात्री झाल्या.

नव्याने विंडोज टाकणं सोपं पडलं असतं, हे मलाही कळत होतं. पण त्या मशीनवर डिझाइनचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. त्याचा इन्स्टॉलर आता कुठेच मिळत नाही आणि माझ्या कित्येक वर्षांच्या फायली फक्त त्यातच उघडतात. फायलींचा रोजचा बॅकअप वेगळा होताच. मला हवं होतं ते जुनं विंडोज, जसंच्या तसं.

पहिली ठेच माझ्याच हाताने लागली. रिकव्हरीच्या पेनड्राइव्हने मशीन सुरू केलं, सिस्टम इमेज रिकव्हरी निवडलं, तर म्हणे इमेजच सापडत नाही. झालं होतं असं, की कधीतरी आवराआवरी करताना ‘विंडोजइमेजबॅकअप’ हा फोल्डर मी ‘जुना पीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवला होता. तो डिस्कवर सगळ्यात बाहेर, त्याच नावाने असावा लागतो. बाहेर काढला, लगेच दिसला.

मग खरी अडचण आली. स्क्रीनवर संदेश: इमेज बायोसवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर घेतलेली आहे, हा कॉम्प्युटर ईएफआयवर चालतो, फर्मवेअर वेगळं असल्यामुळे रिस्टोअर करता येणार नाही. फर्मवेअर म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम, बायोस ही त्याची जुनी पद्धत आणि ईएफआय नवी. जुन्या मशीनवर विंडोज १० लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीने टाकलेलं होतं, डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर. नव्या मशीनला जीपीटी या नव्या मांडणीची डिस्क हवी आणि तिच्यावर बूटच्या (विंडोज सुरू करणाऱ्या) फायलींसाठी एफएटी३२ या फाइल सिस्टमचं छोटं ईएफआय पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, हवं. इमेजमध्ये ते पार्टिशन नव्हतंच, तर येणार कुठून? जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सीएसएमची सोय नव्या बोर्डात शोधली, तीही नव्हती. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरची जीपीटी करणारी एमबीआर२जीपीटी ही कमांड आहे. जुनं मशीन धड होतं तेव्हा ती चालवून मग इमेज घेतली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. पण चालत्या मशीनला हात कोण लावतं?

खरं तर संदेश स्पष्ट होता. तरी पहिली रात्र मी बॅकअपवरच संशय घेण्यात घालवली. केबल बदलली, पोर्ट बदलला, पेनड्राइव्ह पुन्हा बनवला. शेवटी बहिणीचा लॅपटॉप मागून आणला, डिस्क मॅनेजमेंटमधून इमेजमधली सगळ्यात मोठी व्हीएचडीएक्स फाइल (ड्राइव्हची नक्कल याच फायलीत असते) रीड-ओन्ली जोडली, आणि माझं अख्खं जुनं सी ड्राइव्ह समोर उघडलं. डेस्कटॉपवरच्या ‘नको असलेलं’, ‘नको असलेलं २’ या फोल्डरांसकट. म्हणजे इमेज धडधाकट होती.

मग ठरवलं, डिस्कची नक्कल जशीच्या तशी उतरवायची नाही, फक्त आतला माल हलवायचा. जोडलेल्या ड्राइव्हवरून विंडोजच्याच डिस्म या साधनाने विम फाइल, म्हणजे सगळ्या फायलींचं एक गाठोडं, बनवली. याला दोन तास लागले, पण एक फायदा झाला. जुनी डिस्क १ टीबीची हार्ड डिस्क, नवी ५०० जीबीची एसएसडी. प्रत्यक्ष माल १४० जीबीच होता, तरी विंडोजचं इमेज रिकव्हरी मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्क घेत नाही. विम फायलीला डिस्कच्या आकाराशी देणंघेणं नसतं, माल मावला की झालं.

दुसऱ्या रात्री नव्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट या डिस्क मांडायच्या साधनात डिस्कची यादी मागवली. पेनड्राइव्ह दिसला, बाहेरची डिस्क दिसली, एसएसडीचा पत्ता नाही. मशीनच्या सेटिंगमध्ये, ज्याला सवयीने अजून बायोसच म्हणतात, मात्र ती नावानिशी हजर. बऱ्याच नव्या इंटेल मशीनमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते, आणि माझ्या पेनड्राइव्हवरच्या विंडोजकडे त्याच्याशी बोलायला लागणारा ड्रायव्हर नव्हता. काही मशीनच्या बायोसमध्ये व्हीएमडी बंद करता येतं, माझ्यात तो पर्याय नव्हता. ड्रायव्हर उतरवून घेतला तर तो एक्झी फायलीत बांधलेला. तो सोडवून आतली आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची माहिती सांगणारी) सोबतच्या फायलींसह बाहेर काढावी लागते, तीच हवी असते. ड्रव्हलोड कमांडने ती चढवली आणि एसएसडी यादीत आली.

पुढचं भराभर झालं. डिस्क जीपीटी केली, ईएफआयला २६० एमबी, १६ एमबीचं विंडोजचं राखीव पार्टिशन (एमएसआर), उरलेलं विंडोजला. विम फाइल उतरवली, बीसीडीबूट या कमांडने बूटच्या फायली लिहिल्या, पेनड्राइव्ह काढला. कंपनीचा लोगो आला, त्याखाली ठिपके गोल फिरले आणि मग निळा पडदा: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस, म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तिच्यापर्यंतच पोचता येत नाही.

इथे माझी अक्कल तासभर गहाण पडली होती. बीसीडीबूट चुकलं असेल म्हणून मी ते तीनदा चालवलं. पण बूटच्या फायली चुकल्या असत्या तर गाडी ठिपक्यांपर्यंत आलीच नसती. सुरुवातीला डिस्क वाचून देतं ते मशीनचं फर्मवेअर, त्याला व्हीएमडी ठाऊक असतं. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, एकदा मेमरीत आलं की पुढचं वाचन विंडोजने स्वतःच्या ड्रायव्हरने करायचं, आणि माझ्या जुन्या विंडोजने आयुष्यभर साटा या जुन्या जोडणीची हार्ड डिस्कच पाहिलेली. ज्या डिस्कवर ते स्वतः बसलं होतं, तीच त्याला दिसेना. मी ड्रव्हलोडने चढवलेला ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच्या विंडोजपुरता होता, रीस्टार्ट केलं की गेला. एसएसडीवरच्या विंडोजमध्ये तो घातलाच नव्हता!

पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा ड्रव्हलोड, आणि मग डिस्मच्या ॲड-ड्रायव्हरने तोच ड्रायव्हर झोपलेल्या विंडोजमध्ये. त्यातही दोनदा एरर आली, कारण रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदलतात. माझं विंडोज तिथे सी नव्हतं, डी होतं. आधी डिर कमांडने फायलींची यादी काढून विंडोजचा फोल्डर कुठे आहे ते बघायचं, मग बाकीचं.

या वेळी ठिपके जरा जास्त वेळ फिरले. ‘डिव्हाइसेस तयार करत आहे’ अशा अर्थाचा संदेश आला, एकदा आपोआप रीस्टार्ट झालं आणि पहाटे पावणेतीनला माझा जुना वॉलपेपर उजळला. कमी रेझोल्यूशनमुळे ताणलेला, पण माझा.

तिसरी रात्र किरकोळ कामांची. नेटवर्कचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, ते चाललं. ॲक्टिव्हेशनने मात्र छळलं. जुनं लायसन्स ओईएम, म्हणजे मशीनबरोबर आलेलं आणि त्याच्या बोर्डाला बांधलेलं, ते त्या मेलेल्या बोर्डाबरोबरच गेलं. नव्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये लायसन्सची की होती, पण ती होम आवृत्तीची, आणि माझी इमेज प्रोची. शेवटी प्रोचं लायसन्स विकत घेतलं. हा खर्च मी हिशेबात धरलाच नव्हता.

मग ते डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं. त्याने नवं मशीन ओळखून सिरियल क्रमांक मागितला, जो जुन्या डबीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. अलीकडच्या फायलींची यादी तीन आठवड्यांपूर्वी थांबलेली. मधल्या फायली रोजच्या बॅकअपमधून आणल्या आणि त्याच रात्री नवी इमेज घेतली, व्हीएमडीचा सोडवलेला ड्रायव्हर तिच्या शेजारी ठेवून.